कॅरिगमोनाच्या मोऱ्या

चारुदत्त रिसबूडला मोडकी वस्तू बघवत नसे. गुण म्हणा, खोड म्हणा, जन्मजात होती. डब्लिनजवळच्या टॅलामधल्या त्याच्या घरात किचनच्या कपाटाचं दार कधी कुरकुरलं नाही, नळ ठिबकायच्या आत वॉशर बदललेला असायचा. शेजारच्या आयरिश बाईंच्या कुंपणाची फळी निसटली तर हा न विचारता ठोकून यायचा आणि वर त्यांच्याकडचा चहा पिऊन यायचा. मुलगी तन्वी त्याला तोंडावर म्हणायची, "बाबा, यू कान्ट फिक्स एव्हरीथिंग." तो हसायचा. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते, त्या नोव्हेंबरपर्यंत.

पुण्यात होता तोवर ही खोड गडांवर जिरली. शनिवार आला की कोथरूडहून सॅक पाठीवर टाकून निघायचं, टाक्यांतला गाळ उपसायचा, तटात रुजलेली झाडं मुळासकट काढायची, घरंगळलेले चिरे दोराने वर ओढून पुन्हा बसवायचे. उमेदीची वर्षं त्याने यात घातली, आणि काम चांगलंच होतं, त्याबद्दल वाद नाही. फक्त त्या मंडळींना एक सवय लागली होती. पडलेला दगड दिसला की उचलायचा. तो तिथे का पडलाय, असं कोणी विचारत नसे. शत्रूने पाडला असेल नाहीतर पावसाने, तिसरं कारण असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

मग नोकरी त्याला डब्लिनला घेऊन आली. ग्रँड कॅनाल डॉकच्या काचेच्या इमारतीत दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी लुआस ट्रामने घरी यायचं. बायको क्षितिजा टॅलाच्याच मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. घराच्या वरच्या खिडकीतून डोंगर दिसायचे, तपकिरी, बोडके, निम्मा वेळ ढगात. त्यांच्यावर एकही तट नाही, बुरूज नाही, म्हणून चारुदत्त कित्येक वर्षं त्यांच्याकडे जरा कीव केल्यासारखा बघायचा.

ही कीव शिवॉनने घालवली. शिवॉन पुरातत्त्वज्ञ. तीनशे वर्षांपूर्वी या डोंगरांवर मेंढपाळांच्या वस्त्या होत्या, त्यांची घरं, वाफे, मेंढवाडे, आडव्या-तिडव्या दगडी भिंती अजून तिथेच पडून आहेत, आणि त्यांची पाहणी करायला तिला हौशी माणसं हवी होती. मार्चमधल्या पहिल्याच रविवारी चारुदत्त हजर. तिने सगळ्यांना रिंगणात उभं करून बजावलं, "बघा, मोजा, फोटो काढा. दगडाला हात लावायचा नाही. पडलेला दगडसुद्धा काहीतरी सांगत असतो." सगळ्यांनी मान डोलावली. चारुदत्तनेही डोलावली, आणि मनात म्हणाला, यांच्या हाती गड दिले असते तर एक उभा राहिला नसता.

कॅरिगमोना हा डोंगर त्याला त्याच दिवशी भेटला. पायथ्याशी लॉर्कन टूलचं घर, पांढरं, ठेंगणं, दरीतलं एकुलतं एक. घरामागून चढ सुरू. चढाच्या मध्यावर चार-पाच जुन्या घरांचे नुसते खळगे उरलेले, त्यांवर नेचे माजलेले. त्यांच्या वर डोंगराच्या घळीत आडवी टाकलेली जाडजूड दगडी भिंत, आणि भिंतीला पाठ लावून मेंढवाडा. भिंतीच्या वर मात्र झाड नाही, दगड नाही. तिथे बॉग. म्हणजे काळ्या, पाणी प्यायलेल्या मातीचा जाड थर, ज्याची ढेकळं वाळवून इथली माणसं पिढ्यान्पिढ्या चुली पेटवत आली. दिसायला गवताळ कुरण. पाय ठेवल्यावर कळतं.

मेंढवाड्याच्या दोन बाजू ढासळल्या होत्या. मुख्य भिंत मात्र शाबूत होती, तिच्या तळाशी गुडघाभर उंचीची तीन चौकोनी भोकं सोडली तर. चारुदत्तने सगळ्याचे फोटो काढले, मापं घेतली, आणि घरी येऊन क्षितिजाला म्हणाला, "दोन दिवसांचं काम आहे गं. उगाच पडून राहिलंय."

"तुला कोणी सांगितलंय का?" तिने विचारलं.

कोणी सांगितलं नव्हतं. पण जूनच्या लाँग वीकेंडला त्याने टॅला, लूकन आणि पार लिमरिकपासून आपली मंडळी गोळा केली. पंधरा-वीस मराठी इंजिनिअर, डब्यांत ठेपले आणि कांदेपोहे, हातांत नवे कोरे ग्लोव्ह्ज. लॉर्कनला त्याने आधी विचारलं होतं, एवढं त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. लॉर्कन सत्तरी ओलांडलेला, एकटा, बोलायला भुकेला माणूस. त्याचा वाडा फुकटात कोणी बांधून देतंय, तो कशाला नाही म्हणेल? शिवॉनला मात्र विचारलं नाही. झाल्यावर दाखवू, म्हणाला.

ढासळलेल्या बाजू पहिल्या दिवशीच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ती तीन भोकं.

"चारूदादा, हे बघ ना," मंडळींतला अभिजित खाली वाकून म्हणाला, "प्रत्येक भोकावर केवढा लांब दगड आडवा टाकलाय. पडझड नाही वाटत यार ही. मुद्दाम ठेवल्यासारखं वाटतंय."

"कोकरांना यायजायला असणार. आता लॉर्कन गेटातूनच नेईल. भर तू."

लॉर्कन बादली घेऊन शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "बुजवलीत तर बरंच. दर वर्षी एखादं कोकरू त्यातून सटकतं आणि कोल्ह्याचं फावतं. माझा बाप फळ्या लावायचा, त्याही कुजल्या." आणि त्याने स्वतः ओल्या टर्फची, म्हणजे त्या बॉगच्याच मातीची, ढेकळं बादलीतून आणून दिली.

मंडळींनी भोकांत दगड बसवले, फटींत ती ढेकळं ठासली, वरून पुन्हा दगड ठोकले. गडाच्या कामात मुरलेले हात होते, चोख काम झालं. "थेंबभर पाणी पाझरणार नाही," अभिजित अभिमानाने म्हणाला. लॉर्कनने भिंतीवर थाप मारली, "ग्रँड जॉब, लॅड्स!" सगळ्यांनी भिंतीपुढे उभं राहून फोटो काढला. त्या वर्षी वसंतात पाऊस जवळजवळ झालाच नव्हता. घळ कोरडी ठणठणीत होती, आणि त्यामुळे घळीत आडवी भिंत का बांधली असेल, हा प्रश्न कोणालाही पडला नाही.

जुलैत लॉर्कनचा फोन आला. खूश होता. त्याच्या घरामागून एक झरा वाहायचा, बारमाही, त्याने अंगण कायम चिखलाचं. तो झरा आटला होता. "जन्मात पहिल्यांदा मी मागच्या दारी कोरड्या बुटांनी उभा आहे," तो म्हणाला. चारुदत्तलाही बरं वाटलं. उन्हाळाच कडक आहे, दोघांचं एकमत झालं.

ऑगस्टमध्ये धो धो पाऊस झाला. झरा आला नाही.

सप्टेंबरात शिवॉनने रीतसर परवाना काढून त्या खालच्या खळग्यांपैकी एका घरात खोदाई केली. नेचे तेव्हा छातीपर्यंत वाढले होते, वरची भिंत खालून दिसतही नव्हती, आणि चारुदत्तने तिला वर नेलं नाही. आता दाखवायचं म्हणजे आधी सांगायला हवं होतं हे कबूल करायचं, आणि ते त्याच्या जिवावर आलं. तो निमूटपणे माती चाळत बसला. वीतभर गवताखाली गुळगुळीत काळा गाळ लागला. हातभर जाडीचा, एकसारखा, त्यात ना वाळूचे थर ना मुळं. गाळाखाली घराची जमीन, मधोमध चूल. चुलीत राख होती, राखेवर लोखंडी भांडं होतं, आणि दाराजवळ मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री पडलेली, पाती उघडी. घर सोडून जाणारा माणूस असं काही मागे ठेवत नाही.  शिवॉनने त्या गाळाचे नमुने पिशव्यांत भरले.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा चारुदत्त एकटा वर चढून भिंतीपलीकडे गेला. पहिल्याच पावलाला पायाखालची जमीन हलली, आणि ती हालचाल समोर दूरवर गवतात पसरत गेलेली त्याला दिसली. तापवलेल्या दुधावरची साय बोट लावल्यावर थरथरते तशी. मेंढ्या एरवी इथे चरायच्या. आज एकही नव्हती, सगळ्या कडेच्या खडकांवर चढून उभ्या होत्या आणि त्याच्याकडे बघत होत्या. बॉग अशीच असते, त्याने स्वतःला समजावलं, आणि भराभर खाली आला. 

ऑक्टोबरच्या अखेरीस, एका बुधवारी, शिवॉनने दरीतल्या सभागृहात पाहणीची हकिकत सांगितली. चहा होता, स्कोन्स होते, पन्नासेक माणसं होती. लॉर्कन इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. शिवॉन म्हणाली की कॅरिगमोनाची वस्ती दुष्काळाने उठली नाही, जमीनदारानेही उठवली नाही. एका पावसाळी दिवशी वरची बॉग फुटली आणि काळा चिखल घळीतून उतरून घरांवरून गेला. मग तिने भिंतीचा फोटो लावला. मार्चमधला, चारुदत्तनेच काढलेला.

"ही भिंत त्या चिखलावरच उभी आहे, म्हणजे ती नंतरची," शिवॉन सांगत होती. "वाचलेल्यांनी बांधली. वरून पुन्हा माती सरकली तर ती अडवायला. आणि तळाची ही तीन भोकं बघा. पाणी मात्र जाऊ द्यायचं. माती अडवायची आणि पाणी सोडायचं. पाणी अडलं तर ही भिंतच त्यांचा जीव घेणार, हे ज्याने बांधली त्याला पक्कं माहीत होतं."

मोऱ्या. चारुदत्तला त्यासाठी आपल्या भाषेतला साधा शब्द सापडला. रस्त्याखाली असते, न्हाणीघरात असते, गडाच्या तटातसुद्धा असते, ती मोरी. त्याने स्वतः असल्या मोऱ्या गाळ काढून मोकळ्या केल्या होत्या. त्याने लॉर्कनकडे बघितलं. लॉर्कन शेजारणीशी स्कोनबद्दल बोलत होता. भोकांचा विषय त्याच्या कानावरून गेला होता, नाहीतर त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शेवटी शिवॉनने मदतनिसांना उभं राहायला सांगितलं आणि टाळ्या वाजल्या. चारुदत्त उभा राहिला. तोंड उघडायची तीच वेळ होती, आणि तो टाळ्या घेऊन खाली बसला.

घरी आल्याआल्या त्याने क्षितिजाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता फोन कर शिवॉनला. आणि त्या म्हाताऱ्याला."

"शनिवारी जाऊन काढून टाकतो ना. दोन तासांचं काम आहे. कोणाला कळायचंही नाही."

"कळण्याचा प्रश्न आहे का चारू?"

प्रश्न तोच होता, आणि दोघांना ते माहीत होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं घर घळीच्या तोंडाशी होतं, आणि हा आपली अब्रू सांभाळत होता. मला या माणसाचा राग येतो तो इथे. भोकं बुजवली त्याचा नाही, ते अज्ञान होतं. पण बुधवारी कळलं आणि शनिवारची वाट बघितली, याला काय म्हणायचं?

गुरुवारी पाऊस लागला. शुक्रवारी सकाळी हवामान खात्याने नारिंगी इशारा दिला. चारुदत्त घरूनच काम करत होता, म्हणजे स्क्रीनकडे बघत खिडकीबाहेर ऐकत होता. डोंगर दिसेनासे झाले होते. जेवणाच्या सुट्टीत त्याने लॉर्कनला फोन लावला.

"काळजी करू नकोस," लॉर्कन वाऱ्यात ओरडत म्हणाला, "मेंढरं तुझ्या वाड्यात आणून कोंडतोय. सगळीच्या सगळी! इतकी वर्षं असल्या हवेत उघड्यावर सोडायचो, देवाच्या भरवशावर. आता वाडा आहे तर कशाला? शिरायला तयार नाहीत लेकाची, पण घालतोय आत."

चारुदत्तने गाडीची किल्ली उचलली. वाटेत त्याने शिवॉनला फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.  मग ती म्हणाली, "दगडाला हात लावू नकोस. आता एक दगड काढलास तरी सगळं अंगावर येईल. माणसाला आणि मेंढ्यांना घळीतून बाजूला काढ, वर खडकांकडे. खाली नाही. मी मदत बोलावते." फोन ठेवताना तिने त्याला बोलही लावला नाही.

तो पोचला तेव्हा नुकती दुपार कलली होती, पण उजेड जवळपास गेला होता. पावसाने डोळे उघडवत नव्हते. लॉर्कन वाड्याच्या दाराशी काठी टेकून उभा, कुत्रा त्याच्या पायाशी अंग चोरून. आत मेंढ्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटून दाटल्या होत्या. आणि भिंतीला पोट आलं होतं. मधला भाग पुढे फुगला होता, छातीएवढ्या उंचीवर दगडांच्या फटींतून काळं पाणी चिळकांड्यांनी येत होतं. बुजवलेल्या मोऱ्या मात्र तशाच, घट्ट. चोख काम होतं.

"लॉर्कन, बाहेर काढा त्यांना! भिंत जाणार!"

"या हवेत? मरतील बाहेर! ही भिंत माझ्या खापरपणज्यापासून..."

"ती भोकं पाण्यासाठी होती. कोकरांसाठी नाही. मी बुजवली. मला बुधवारीच कळलं होतं."

लॉर्कनने त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने दार सताड उघडलं, शीळ घातली. कुत्रा आत गेला. मेंढ्या हलेनात. तासाभरापूर्वी ज्यांना मारून मुटकून आत घातलं होतं, त्यांना आता आडोसा सोडवेना. चारुदत्तने आत घुसून लोकर धरून ओढलं, ढकललं, मराठीत शिव्या घातल्या. एक म्हातारी मेंढी बाहेर पडली, तिच्या मागे काही पडल्या, आणि कडेच्या खडकांकडे चढू लागल्या. बाकीच्या तशाच. लॉर्कन पुन्हा आत शिरत होता तेव्हा जमिनीतून एक आवाज आला. मोठा नव्हता. जड कपाट फरशीवरून सरकवल्यासारखा होता. चारुदत्तने म्हाताऱ्याला कंबरेत धरलं आणि दोघे खडकावर आपटले.

भिंत कोसळली नाही, ती उभीच्या उभी पुढे निघाली. मग तिच्यावरून डोंगर आला.

चिखल जुन्या खळग्यांवरून गेला, लॉर्कनचा गोठा घेऊन गेला, घराच्या मागच्या भिंतीला खिडकीपर्यंत टेकून थांबला. मेंढवाडा होता तिथे काळी, चकाकणारी वाट होती. ओरडा कसलाच नव्हता. हे चारुदत्तला सगळ्यांत असह्य झालं, की इतक्या जिवांचा एकही आवाज आला नाही. कुत्रा वर आला नाही.

मदतीला आलेल्या लोकांनी दोघांना खाली नेलं. म्हाताऱ्याची दोन हाडं मोडली होती, जिवावर बेतलं नव्हतं. लोक चारुदत्तला म्हणाले, तू वाचवलंस त्याला.  पण शिवॉनपुढे, पोलिसांपुढे आणि मग त्याच सभागृहात सगळ्यांपुढे उभं राहून त्याने झालेलं जसंच्या तसं सांगितलं. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी वाईटही बोललं नाही. दोघं-चौघं उठून गेले.

डिसेंबरात लॉर्कन पुतणीकडे राहायला गेला. त्याआधी चारुदत्त त्याला भेटायला गेला, नव्या मेंढ्या घेऊन देतो म्हणाला, कळपच्या कळप घेऊन देतो, आमची सगळी मंडळी मिळून देऊ. लॉर्कन खाटेवर पडून ऐकत होता.

"तुला अजून कळलं नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "या डोंगराला कुंपण नाही. माझी मेंढरं इथेच राहायची, कारण त्यांना त्यांच्या आयांनी दाखवलं होतं, कुठे चरायचं, कुठल्या खडकाआड थांबायचं, कुठे पाय ठेवायचा नाही. त्या आयांना त्यांच्या आयांनी. त्या वस्तीतल्या माणसांच्या कळपापासून. तू आणशील ती मेंढरं दुसऱ्या दिवशी निघून जातील. त्यांना दाखवणार कोण? मला येत नाही ते."

"ज्या वाचल्या, त्या?"

"त्या विकल्या. घेणाऱ्यानेच माणसं आणून खाली नेल्या. मी वर चढू शकत नाही, आणि त्या खाली उतरायला तयार नव्हत्या." तो पुढे म्हणाला, "मी बादली धरली होती तुझ्यासाठी, ते मला आठवतं. पण मी तुझं तोंड बघितलं की मला तो वाडा दिसतो. तू वाईट माणूस नाहीस, चारू. पण आता येऊ नकोस."

चारुदत्तने मान हलवली आणि दार हलकेच ओढून घेतलं. वसंतात शिवॉन चिखलाची मापं घ्यायला वर गेली तेव्हा त्याने खालच्या रस्त्यावरून बघितलं. कॅरिगमोनावर त्या वर्षी एकही कोकरू जन्मलं नाही.